उन्हावर लीचेट साफ करणं: फोटोकॅटॅलिसिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लीचेट म्हणजे नेमकं काय? साधं सांडपाणीच ना?

नाही हो. कचऱ्याच्या ढिगावर पाऊस पडतो, ते पाणी थराथरातून झिरपत खाली येतं, वाटेत जे विरघळेल ते सोबत घेतं, त्यात कचऱ्याचा स्वतःचा ओलावा मिसळतो आणि तळाशी जो काळपट तपकिरी, उग्र वासाचा द्रव जमतो तो लीचेट. घरगुती सांडपाण्याचा सीओडी (पाण्यातली घाण रासायनिक पद्धतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन) काहीशे मिलिग्रॅम प्रति लिटर असतो, ताज्या लँडफिलच्या लीचेटचा १०,००० च्या वरही सहज जातो.

पण खरी गोष्ट वयाची आहे. नव्या लँडफिलच्या लीचेटमध्ये व्होलाटाइल फॅटी अ‍ॅसिड असतात, म्हणजे सीओडी भयानक दिसला तरी जंतू ते आवडीने खातात. दहाएक वर्षांनंतर सीओडी खाली येतो, ४,००० च्या आसपास किंवा त्याहून कमी, पण उरलेलं बहुतेक ह्युमिक आणि फुल्विक अ‍ॅसिड असतं (कुजण्यातून उरणारे मोठे, गडद रेणू) आणि त्याला जंतू तोंड लावत नाहीत. बीओडी (जंतूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) भागिले सीओडी हा आकडा ०.१ च्या खाली गेला की समजायचं, नुसत्या एरेशनने, म्हणजे हवा सोडून जंतू पोसण्याने, आता काही व्हायचं नाही. फोटोकॅटॅलिसिसचा, म्हणजे कॅटॅलिस्ट आणि प्रकाश वापरून घाण फोडण्याचा, विषय निघतो तो या म्हाताऱ्या लीचेटसाठी.

उन्हाने घाण जाते कशी?

टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या सेमीकंडक्टरवर (हाच इथला कॅटॅलिस्ट) पुरेशा ताकदीचा प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडतो आणि मागे रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. होल पाण्याशी किंवा हायड्रॉक्साइडशी भिडून हायड्रॉक्सिल रॅडिकल (समोरच्यावर लगेच तुटून पडणारा रेणूचा तुकडा) बनवतो, इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला पकडून सुपरऑक्साइड बनवतो. हायड्रॉक्सिल रॅडिकलचं ऑक्सिडेशन पोटेन्शियल २.८ व्होल्ट, ओझोनचं २.०७, क्लोरिनचं १.३६, यावरून त्याच्या ताकदीचा अंदाज येईल. तो निवड करत नाही, समोर जे सेंद्रिय येईल ते फोडतो, पूर्ण फोडलं तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. ही सगळी शाखा जपानमधल्या फुजिशिमा आणि होंडा यांच्या १९७२ च्या कामानंतर वाढली, ते मात्र पाण्याचं विघटन करत होते, सांडपाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता वाईट बातमी. तयार झालेल्या इलेक्ट्रॉन-होल जोड्यांपैकी बहुतेक काही नॅनोसेकंदांत किंवा त्याआधीच परत एकत्र येतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्यामुळे हवा सोडणं ऐच्छिक समजू नका, ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉन उचलायला कोणी नाही आणि रिअ‍ॅक्शन बसते.

ऊन तर फुकट आणि भरपूर आहे, मग हे सगळीकडे का नाही?

कारण आपल्या डोळ्यांना दिसणारं ऊन टायटॅनियम डायऑक्साइडला दिसत नाही. अ‍ॅनाटेज प्रकाराचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन वर उडवायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश चालतो, थोडक्यात यूव्ही, म्हणजे अतिनील. आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात यूव्ही असतो ३ ते ५ टक्के. भर दुपारी स्वच्छ आकाशाखाली चौरस मीटरला ३० ते ५० वॅट यूव्ही मिळाला तर चांगला दिवस म्हणायचा. बाकीचं ऊन फक्त टाकी गरम करतं.

लीचेटच्या तळ्यातच कॅटॅलिस्टची पावडर टाकली आणि ढवळत ठेवलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर सरळ आहे, पावडर वाया जाईल. लीचेटचा तो गडद रंग म्हणजेच ह्युमिक पदार्थ, आणि ते यूव्ही स्वतःच गिळतात. कच्च्या गडद लीचेटमध्ये कामाचा यूव्ही पहिल्या काही मिलिमीटरमध्ये संपतो, खाली मीटरभर खोल पाणी नुसतं अंधारात फिरतंय. अशा तळ्याला ऊन देणं म्हणजे जाड काळ्या पडद्यामागे कुंडी ठेवून रोपाला ऊन दिलं म्हणण्यासारखं आहे.

आणि रंगावरच भागत नाही. लीचेटमध्ये बायकार्बोनेट आणि क्लोराइड भरमसाट असतात, हे दोघंही रॅडिकल खाऊन टाकतात, म्हणजे एवढ्या कष्टाने बनवलेला रॅडिकल घाणीपर्यंत पोचतच नाही. त्यात लीचेटचा पीएच बहुतेक वेळा ८ च्या आसपास, तिथे टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, ह्युमिक अ‍ॅसिडवरही ऋण भार, दोघं एकमेकांना ढकलतात. पीएच ६ च्या खाली आणला की पृष्ठभाग धन होतो आणि ह्युमिक चिकटतं, मग काम जमतं. वर गढूळपणा, तरंगणारे कण, कॅल्शियमचे थर हे वेगळंच.

माझं स्पष्ट मत, लीचेटच्या बाबतीत पहिला प्रश्न कुठला कॅटॅलिस्ट हा नसून प्रकाश तिथपर्यंत पोचतोय का हा आहे, आणि बरेच जण नेमका दुसऱ्या टोकाकडून सुरू करतात.

मग ट्रीटमेंटच्या साखळीत हे बसवायचं कुठे?

शेवटाकडे. आधी बायोलॉजिकल, जे जंतू खाऊ शकतात ते त्यांना खाऊ द्या, रॅडिकलने फॅटी अ‍ॅसिड जाळणं म्हणजे महागडं काम स्वस्त मालावर वाया घालवणं. मग कोअ‍ॅग्युलेशन, फेरिक क्लोराइड घालून ह्युमिकचा मोठा भाग गाळात बसवता येतो आणि पाणी एकदम उजळतं. त्यानंतर फोटोकॅटॅलिसिस. इथेही सगळं कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत ताणायची गरज नाही, मोठे रेणू तुकडे होऊन जंतूंना खाता येतील इतपत झाले की परत बायो टाकीत पाठवायचं. तो थांबायचा बिंदू शोधायला झान-वेलेन्स नावाची २८ दिवसांची बायोडिग्रेडेबिलिटी टेस्ट करतात, वेळखाऊ आहे पण एकदा केली की पुढचा बराच खर्च वाचतो.

फक्त एक लक्षात ठेवा, हायड्रोजन पेरॉक्साइड (ते कशासाठी, हे फोटो-फेंटनच्या प्रश्नात येईल) वापरलं असेल तर उरलेलं पेरॉक्साइड काढल्याशिवाय बायो टाकीत सोडू नका, जंतू मरतील.

अमोनिया पण जाईल ना यात?

जवळजवळ नाहीच. जुन्या लीचेटमध्ये अमोनिया नायट्रोजन हजाराच्या वरही असतो आणि वर्षानुवर्षं कमी होत नाही, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. पण हायड्रॉक्सिल रॅडिकल अमोनियम आयनला फारसा शिवत नाही, मोकळा अमोनिया असेल तर थोडंफार जमतं, त्यासाठी पीएच ९ च्या वर हवा, आणि वर आपण बघितलं की ह्युमिकसाठी पीएच खाली हवा. दोन्ही एकदम होत नाही. शिवाय जे ऑक्सिडाइझ होईल ते बरंचसं नायट्रेट आणि नायट्राइट बनून पाण्यातच राहतं. अमोनियाला नायट्रिफिकेशन-डीनायट्रिफिकेशन (जंतूंकडून आधी नायट्रेट, मग नायट्रोजन वायू), स्ट्रिपिंग (हवेने उडवून लावणं) किंवा स्ट्रुव्हाइट (स्फटिक करून गाळात बसवणं) हेच रस्ते.

फोटो-फेंटन म्हणजे हेच का?

चुलत भाऊ म्हणा. यात घन कॅटॅलिस्ट नसतो, विरघळलेलं लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. फेरस लोखंड पेरॉक्साइडला फोडून हायड्रॉक्सिल रॅडिकल देतं आणि स्वतः फेरिक होतं, प्रकाश त्या फेरिकला परत फेरस करतो आणि त्या वेळी आणखी एक रॅडिकल मिळतो. फायदा असा की फेरिकची हायड्रॉक्सी संयुगं साधारण ४१० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेतात, ऑक्झॅलेटसारखं काही जोडलं तर निळ्या-हिरव्या प्रकाशापर्यंत जाता येतं. त्यामुळे खऱ्या लीचेटवर, खऱ्या उन्हात, नुसत्या टायटॅनियम डायऑक्साइडपेक्षा फोटो-फेंटन साधारणपणे बराच पुढे असतो. पोर्तुगालमध्ये पायलट पातळीवर जे काम झालं तेही बायो ट्रीटमेंट झालेल्या लीचेटवर सोलर फोटो-फेंटनचंच.

तोटा म्हणजे पीएच. याला २.८ च्या आसपास पीएच लागतो, आणि लीचेटची अल्कलिनिटी (अ‍ॅसिड पचवून टाकायची ताकद) तुम्हाला तिथे सुखाने जाऊ देत नाही. हिशोब करून बघा. अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात ५,००० मिलिग्रॅम प्रति लिटर धरली तर ती मारायलाच घनमीटरमागे साधारण ४.९ किलो सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागतं, आणि ते घालताना कार्बन डायऑक्साइड असा उसळतो की फेस टाकीबाहेर येतो (टाकी भरताना वर जागा सोडा, हे कोणी आधी सांगत नाही). काम झाल्यावर परत कॉस्टिक किंवा चुना घालून न्यूट्रल करायचं, तेव्हा लोखंडाचा गाळ पडतो, त्याची विल्हेवाट वेगळी.

आता गंमत बघा, नायट्रिफिकेशन करणारे जंतू दर ग्रॅम अमोनिया नायट्रोजनमागे ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी खातात. म्हणजे ७०० मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्रिफाय झाला की ती ५,००० ची अल्कलिनिटी जवळपास संपलीच, अ‍ॅसिडचा खर्च जंतूंनी फुकटात वाचवला. पुढे पूर्ण डीनायट्रिफिकेशन केलं तर त्यातली साधारण अर्धी अल्कलिनिटी परत येते, ते धरून हिशोब करा. बायो आधी ठेवायचं हे आणखी एक कारण.

आणि हो, अ‍ॅसिड म्हणून हायड्रोक्लोरिक वापरू नका, अ‍ॅसिडिक पीएचला क्लोराइड रॅडिकल जास्तच खातो.

पेरॉक्साइड किती लागतं?

कागदावरचा हिशोब १ ग्रॅम सीओडीला २.१२५ ग्रॅम पेरॉक्साइड. सीओडी १,००० असलेलं रोजचं १०० घनमीटर लीचेट पूर्ण फोडायचं तर २१२ किलो शुद्ध पेरॉक्साइड, म्हणजे ५० टक्क्याचं सव्वाचारशे किलोच्या आसपास, रोज. म्हणूनच म्हणतो की पूर्ण फोडायच्या नादी लागू नका. आणि सगळं एकदम ओतू नका, जास्त झालं तर पेरॉक्साइडच रॅडिकल खायला लागतं, थोडं थोडं घालत जा.

पावडर चांगली की काचेवर कोटिंग केलेला कॅटॅलिस्ट?

वेग हवा असेल तर पावडर. टायटॅनियम डायऑक्साइडच्या प्रसिद्ध पी-२५ पावडरचे कण २० ते २५ नॅनोमीटरचे, ग्रॅमला ५० चौरस मीटर पृष्ठभाग, लॅबमध्ये बहुधा लिटरला ०.५ ते २ ग्रॅम घालतात. पण नंतर ती गाळून परत काढायची म्हणजे मेम्ब्रेन आलं, मेम्ब्रेन आलं की ते चोंदणं आलं. कोटिंगमध्ये ही कटकट नाही, मात्र पृष्ठभाग कमी, घाण तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि लीचेटमधले क्षार व ह्युमिक त्यावर थर धरतात, अधूनमधून धुवावं लागतं. लीचेटसाठी दोन्ही पर्याय त्रासदायकच आहेत, खरं सांगायचं तर.

रिअ‍ॅक्टर कसला घ्यायचा?

दोन नावं ऐकाल. एक सीपीसी, म्हणजे कंपाउंड पॅराबोलिक कलेक्टर, काचेच्या बोरोसिलिकेट नळ्या आणि मागे वक्र अ‍ॅल्युमिनियमचे आरसे. हे प्रकाश एका बिंदूवर गोळा करत नाहीत, नळीच्या सगळ्या बाजूंनी फिरवून देतात, आणि ढगांतून येणारा विखुरलेला यूव्हीही घेतात, सूर्यामागे फिरवायची यंत्रणा लागत नाही. स्पेनमधल्या तबेर्नासच्या प्लाटाफोर्मा सोलार दे आल्मेरिया या केंद्रात यावर अनेक वर्षं काम चाललंय. दुसरा रेसवे पाँड, उथळ गोल फिरणारा कालवा, पाणी ५ ते १५ सेंटिमीटर, पॅडल व्हीलने ढकललेलं. स्वस्त आहे, बांधायला सोपा आहे. पण गडद लीचेटला ५ सेंटिमीटरसुद्धा खोलच, तेव्हा आधी पाणी उजळवून घेतलं असेल तरच.

जागा किती लागेल?

इथे बहुतेक जण तास मोजतात आणि फसतात. सकाळी आठचा एक तास आणि दुपारी बाराचा एक तास सारखे नाहीत, त्यामुळे या क्षेत्रात हिशोब लिटरमागे किती किलोज्यूल यूव्ही पडला यावर करतात. यूव्ही रेडिओमीटर लावा आणि बेरीज करत जा.

समजा तुमच्या टेस्टमध्ये लिटरला ५० किलोज्यूल यूव्ही लागला (हा आकडा फक्त उदाहरणाला, तुमचा तुम्हीच काढायचाय). सरासरी ३० वॅट यूव्ही पाच तास मिळाला तर चौरस मीटरला दिवसाचे ५४० किलोज्यूल. म्हणजे एका चौरस मीटरवर दिवसाला जेमतेम ११ लिटर. रोजचं १०० घनमीटर लीचेट असेल तर कलेक्टरच सव्वानऊ हजार चौरस मीटरच्या घरात, जवळजवळ एक हेक्टर, मधल्या मोकळ्या जागा वेगळ्या. फुकट ऊन म्हणतात ते असं महाग पडतं. एक बाजू मात्र चांगली आहे, जुन्या बंद केलेल्या लँडफिलपाशी मोकळी जमीन असते, तिच्यावर इमारत बांधता येत नाही, कलेक्टर ठेवता येतात, फक्त जमीन खचते त्यामुळे फ्रेमची लेव्हल पुन्हा पुन्हा बघावी लागते.

पावसाळ्यात आणि रात्री काय?

रात्री काही नाही, साठवून ठेवायचं. पावसाळ्यात उलटी पंचाईत, लीचेट सगळ्यात जास्त तेव्हा आणि ऊन सगळ्यात कमी तेव्हा. एकतर मोठी बॅलन्सिंग टाकी, नाहीतर यूव्ही-ए एलईडीची जोड. यातलं काहीच नसेल तर डिझाइन अर्धवट आहे.

व्हिजिबल लाइटवर चालणारे नवे कॅटॅलिस्ट आलेत म्हणे?

आलेत, ढिगाने. ग्राफिटिक कार्बन नायट्राइडचा बँडगॅप २.७, बिस्मथ व्हॅनाडेटचा २.४, नायट्रोजन घातलेलं टायटॅनियम डायऑक्साइडही आहे. पण दर वेळी एकच विचारा, मिथिलीन ब्लू या डायवर तपासलंय की लीचेटवर? डाय स्वतःच प्रकाश शोषून कॅटॅलिस्टला इलेक्ट्रॉन देते आणि फिकी पडते, तिच्यावरचा वेग ह्युमिकला लागू होत नाही. कॅडमियम सल्फाइड तर सोडूनच द्या, प्रकाशात स्वतःच झिजतं आणि पाण्यात कॅडमियम सोडतं. झिंक ऑक्साइडही झिजतं.

पेपरमध्ये ९० टक्क्यांच्या वर रिमूव्हल दिसतं, आमच्याकडे तीसही येत नाही, असं का?

पहिलं, लीचेट किती पट पातळ केलं होतं ते बघा, कधीकधी ते मेथड सेक्शनच्या एखाद्या ओळीत लपलेलं असतं. पातळ केलं की प्रकाशही पोचतो आणि क्लोराइडही कमी होतं, आकडा छान येतो, पण टनभर पाणी घालून टनभर लीचेट साफ करणं याला ट्रीटमेंट म्हणत नाहीत.

दुसरं, रंग गेला म्हणजे घाण गेली असं नाही. रंग देणारे बंध आधी तुटतात, टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) मात्र तसाच राहतो, तेव्हा रंग, सीओडी आणि टीओसी तिन्ही एकत्र बघा.

तिसरं, अंधारातला कंट्रोल. कॅटॅलिस्ट घालून प्रकाश न देता अर्धा तास तरी ढवळा आणि किती कमी झालं ते मोजा, कारण ह्युमिक नुसतं चिकटूनही कमी होतं आणि ते फोटोकॅटॅलिसिसच्या नावावर जमा होतं. पीएच खाली आणल्यावर काही ह्युमिक आपोआप साका होऊन बसतं, तेही वेगळं मोजा.

चौथं सीओडीची टेस्टच फसवते, उरलेलं पेरॉक्साइड त्या टेस्टमधलं डायक्रोमेट खातं, लिटरला १ ग्रॅम उरलं असेल तर साधारण ४७० मिलिग्रॅम खोटा सीओडी दिसतो. क्लोराइडही आकडा वाढवतं. तुमचे तीस टक्के कदाचित एवढे वाईट नसतीलही, आधी हे दोन तपासा.

जड धातू जातात का?

हेक्झाव्हॅलंट क्रोमियम इलेक्ट्रॉन घेऊन ट्रायव्हॅलंट होतं, ते कमी विषारी आणि पीएच वाढवून गाळात बसवता येतं. बाकी धातू फुटत नसतात, जास्तीत जास्त ह्युमिकच्या पकडीतून सुटतात, मग पुढे प्रेसिपिटेशन हवं.

आणि पीएफएएस, ते फॉरएव्हर केमिकल?

इथे उलट सावध राहा. पीएफओएसारख्या, या गटातल्या रेणूंचे कार्बन-फ्लोरिन बंध हायड्रॉक्सिल रॅडिकल तोडत नाही. त्याहून वाईट म्हणजे लीचेटमध्ये जी प्रिकर्सर संयुगं असतात ती ऑक्सिडेशनमध्ये अर्धवट तुटून पीएफओए बनू शकतात, म्हणजे ट्रीटमेंटनंतर मोजलं तर आकडा वाढलेला. पीएफएएसची अडचण असेल तर कार्बन, आयन एक्स्चेंज किंवा मेम्ब्रेनकडे बघा.

सरळ आरओ का नको?

बरेच प्लांट तेच करतात आणि पाणी स्वच्छ निघतं. पण आरओ काही नष्ट करत नाही, सगळं कॉन्सन्ट्रेटमध्ये जमा करतं, आणि ते कॉन्सन्ट्रेट परत लँडफिलवर फवारलं तर क्षार आणि अमोनिया फिरून तिथेच येतात. फोटोकॅटॅलिसिसची बाजू एवढीच की सेंद्रिय रेणू खरोखर फुटतो. दोघांना स्पर्धक मानू नका.

ट्रीट केलेलं पाणी आधीपेक्षा विषारी होऊ शकतं का?

अर्धवट थांबलं तर होऊ शकतं. मधले तुकडे मूळ रेणूपेक्षा जास्त विषारी निघू शकतात, भरपूर क्लोराइड असताना क्लोरिनयुक्त संयुगंही बनतात. म्हणून नुसत्या सीओडीवर समाधान न मानता डॅफ्निया (पाण्यातला चिमुकला जीव) किंवा चमकणाऱ्या जिवाणूंची टॉक्सिसिटी टेस्ट करा, एकदाच नाही तर ट्रीटमेंटच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर.

कॉलेज प्रोजेक्ट म्हणून करता येईल?

येईल, लॅबमध्ये, गाइडच्या देखरेखीखाली. कच्च्या लीचेटचा कॅन बंद खोलीत उघडू नका, आणि त्यात अ‍ॅसिड घालायचं ते फ्यूम हूडमध्येच, सल्फाइड असेल तर हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. लीचेट आणि पेरॉक्साइडचं मिश्रण घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवू नका, ऑक्सिजन साठून बाटली फुटते. टायटॅनियम डायऑक्साइडची कोरडी पावडर तोलताना मास्क लावा, श्वासातून जाणाऱ्या या धुळीला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या २बी गटात टाकलंय, पाण्यात कालवली की उडण्याचा प्रश्न मिटतो.

शेवटी निघालेलं पाणी झाडांना घालू का?

रंग गेला, वास गेला, सीओडी खाली आला तरी क्षार जिथल्या तिथे असतात. फोटोकॅटॅलिसिस क्लोराइड आणि सोडियमला हातही लावत नाही, उलट तुम्ही घातलेलं अ‍ॅसिड आणि कॉस्टिक मिळून सल्फेट आणि सोडियम आणखी वाढलेलं असतं. आधी कंडक्टिव्हिटी मोजा, मग सोडियम, क्लोराइड, बोरॉन, धातू. हे आकडे हातात आल्याशिवाय एक बादलीही घालू नका.